हृदय डावीकडे, म्हणून नाडी डावीकडे जोरात?

परवा घरच्या ग्रुपवर आत्याने एक संदेश टाकला. वर गुलाबाचं फूल, खाली 'हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला, सर्वांना पाठवा'. तज्ज्ञाचं नाव अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: हृदय डावीकडे असल्याने डाव्या हाताची नाडी आधी आणि जोरात लागते, उजवीची उशिरा आणि मंद, हे नैसर्गिक आहे. दोन हातांचं बीपी वेगळं आलं तर मशीन बिघडलंय, कमी आकडा खरा धरा. एका हाताची नाडी एकदम मंद झाली तर रक्त घट्ट झालंय, हात चोळा, लसूण खा. तरुण मुलींची नाडी लागत नाही ती अशक्तपणामुळे. आणि पायाच्या नाडीचा हृदयाशी काही संबंध नाही.

खाली आत्याची ओळ: "बघ, माझी पण उजवी लागत नाही. नॉर्मल आहे म्हणे."

मी मेडिसिनच्या विद्यार्थ्यांना नाडी पाहायला शिकवते. या पाचांतलं एकही विधान खरं नाही, आणि निदान एक तरी हात गमवायला लावेल असं आहे.

हृदयाच्या जागेपासून सुरुवात करू. ते छातीत साधारण मधोमध असतं, टोक तेवढं डावीकडे झुकलेलं. त्यातून निघणारी महाधमनी आधी वर जाते आणि कमान घेऊन पाठीकडे वळते. या कमानीची पहिली फांदी उजवा हात आणि मानेची उजवी बाजू सांभाळते. डाव्या हाताची फांदी तिसरी. म्हणजे संदेशाचाच तर्क लावला तर उजवी नाडी आधी लागायला हवी! प्रत्यक्षात दोन्ही एकदमच लागतात. बोटाखाली जाणवते ती धमनीतून धावणारी दाबाची लाट. खुद्द रक्त तिच्या बरंच मागून येत असतं. मालगाडीला इंजिनाने धक्का दिला की शेवटचा डबा लगेच खडखडतो, इंजिन तोवर हातभरही सरकलेलं नसतं, तसं. ही लाट सेकंदाला ५ ते १० मीटर जाते. वाटेत चार बोटं अंतर कमी-जास्त झालं तर पडणारा फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. तो बोटाला कळत नाही. बोटाला उशीर कळला, तर वाटेत काहीतरी अडलंय.

बीपीचं विधान तर नेमकं उलटं आहे. दोन हातांत दहाएक अंकांचा फरक बऱ्याच जणांत सापडतो, त्याची चिंता नको. पण पुन्हा पुन्हा मोजूनही वरचा आकडा १५-२० ने वेगळा येत असेल, तर कमी आकड्याच्या हाताची धमनी अरुंद झाली असण्याची शक्यता असते. खरा दाब जास्त आकड्याचा. तंबाखू-सिगारेट आणि मधुमेहाने धमनीत चरबी साठते, आणि हातांच्या धमन्यांत डाव्या हाताची वाट जास्त वेळा चोंदते. अशा माणसाचं बीपी कायम डाव्या हातावर मोजलं तर कागदावर १२० आणि मेंदूवर, मूत्रपिंडावर १६० चा मार. डॉक्टर म्हणतात उत्तम, रुग्ण खूश! काहींना त्या हाताने कपडे पिळताना चक्कर येते, कारण हात मेंदूकडे निघालेलं रक्त मानेतल्या धमनीतून उलटं खाली ओढून घेतो.

पुरुषाची उजवी आणि बाईची डावी नाडी पाहायची ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्या बाकी गुणदोषांत शिरत नाही. पण एकच हात पाहिला की दुसऱ्यातली गोष्ट दुसऱ्यातच राहते, एवढं मात्र खरं.

'रक्त घट्ट' हा तर आपला सार्वजनिक खुलासा. रक्त घट्ट झालं तर ते एकाच हातात कसं होईल? एक हात अचानक दुखू लागला, गार आणि पांढरा पडला, नाडी गेली, तर बहुतेक वेळा हृदयातून सुटलेली गुठळी धमनीत अडकलेली असते. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली, ठोके अनियमित पडणारी माणसं आपल्याकडे अजून दिसतात. त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात अशा गुठळ्या धरतात. इथे हाताशी तास मोजके असतात, साधारण सहाच्या आत रक्त पुन्हा चालू व्हायला हवं. चोळण्यात नि लसूण सोलण्यात गेलेला वेळ हाताच्या खात्यातून जातो.

याहून वाईट म्हणजे छातीत किंवा पाठीत एकदम फाडल्यासारखी कळ, आणि दोन हातांच्या नाडीत फरक. महाधमनीच्या आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीतच घुसलं, की ज्या फांदीचं तोंड दबतं तिची नाडी मंदावते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये सकाळी शौचाला गेला असताना कोसळला, त्याच्या शवविच्छेदनात अशी चीर सापडली होती. ही कळ हार्ट अटॅकची समजून गुठळी विरघळवायचं औषध दिलं तर प्राणावर बेतू शकतं. आणि उलट बाजूही सांगते: या आजारात अनेकांच्या दोन्ही नाड्या अगदी सारख्या लागतात. तेव्हा कळ तशी असेल तर नाडी तपासत घरी बसू नका.

आता तरुण मुलींचा 'अशक्तपणा'. या वाक्याचा मला सगळ्यात राग आला. १९०८ साली जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकिटो ताकायासु यांनी एका २१ वर्षांच्या तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण पाहिली. अशाच रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही, हे ओनिशी आणि कागोशिमा या त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी सांगितलं. ताकायासुंच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजतात, जाड होतात, आतली वाट बुजत जाते. हा आजार बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो, आणि आशियात जास्त दिसतो. सुरुवातीला बारीक ताप, अंगदुखी, वजन घटणं. मुलगी लोहाच्या गोळ्या घेऊन घरी येते. पुढे वेणी घालताना हात भरून येतात. मशीनवर बीपी 'लो' दिसतं, म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजतात. हातांच्या धमन्या बुजलेल्या असताना आतला खरा दाब भयंकर वाढलेला असू शकतो! तो मांडीवर पट्टा बांधून मोजावा लागतो. वेळेत ओळखलं तर सूज आवरायला औषधं आहेत.

भारतात या आजाराचा पोटातल्या महाधमनीवर घाला बऱ्याचदा पडतो, त्यामुळे पायाची नाडी आलीच. जांघेतली नाडी मनगटाच्या नाडीबरोबरच लागायला हवी. ती मागून आणि मंद आली तर महाधमनी मध्येच आवळलेली असते, काही वेळा जन्मापासून. अशा मुलाचं हातांचं बीपी जास्त, पायांचं कमी. १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी तो आवळलेला तुकडा कापून टोकं जोडली. आता बऱ्याच जणांत फुगा आणि स्टेंटवर भागतं. पण आधी कुणी जांघेत बोट ठेवायला हवं. गर्दीच्या ओपीडीत, सलवार-साडीवरून, संकोचाने तेच राहून जातं. परीक्षेत विद्यार्थी 'दोन्ही नाड्या एकाच वेळी' असं ठोकून देतात, आणि बोट कुठे ठेवलं होतं विचारलं की जमिनीकडे बघतात.

फरक निरुपद्रवी असूच शकत नाही, असं मात्र नाही. कुणाची धमनी मनगटापाशी वळून अंगठ्यामागून जाते. डायलिसिससाठी हातावर फिस्चुला, म्हणजे धमनी आणि शिरेचा जोड, केलेला असतो. लहानपणी 'निळ्या बाळा'चं, म्हणजे जन्मजात हृदयदोषाने निळसर पडलेल्या बाळाचं, जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालेल्यांच्या त्या हाताची धमनी फुप्फुसाकडे वळवलेली असते, म्हणून नाडी जन्मभर मंदच. फक्त हे कारण आधी शोधायचं असतं, गृहीत धरायचं नसतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत आत्याचा फोन.

"अगं, मग माझी उजवी का लागत नाही?"

"तुझी अँजिओग्राफी कुठून केली होती?"

"मनगटातून. उजव्याच." थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे तिथंच बंद झाली होय?"

नळी घातलेली धमनी नंतर बुजणं नवीन नाही. हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त मिळतं, म्हणून तिला काही जाणवलं नव्हतं. तरी सोमवारी ये म्हटलं. दोन्ही हातांचं बीपी घेते, आणि पायांचंही.

संदेश तिने अजून काढलेला नाही. गुलाब छान आहे म्हणे.