शाळेतल्या मावशी कुठे गेल्या?

आज दुपारी भाचीच्या शाळेतून सरांचा फोन आला, तिला बरं नाहीये, कुणीतरी घ्यायला या. ताई कामावर, म्हणून मी गेले. पोरगी शेवटच्या बाकावर पाठीमागे दप्तर लावून बसलेली, जागची हलायला तयार नाही. आठवीतली मुलगी, मला बघितल्याबरोबर कळलं काय झालंय ते. सर बिचारे दारात उभे राहून विचारतायत, बाळा पोटात दुखतंय का. शाळेत एकच मॅडम, त्या ट्रेनिंगला गेलेल्या. म्हटलं शिपाई मावशी कुठायत? तर मावशी रिटायर झाल्या आणि ते पद आता भरत नाहीत, भत्त्यावर एक मुलगा येतो, सकाळी वर्ग उघडून झाडून जातो, घंटा सरच देतात.

घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय.

मी ह्याच शाळेत शिकले. माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा भूगोलाचा तास चालू होता आणि नोटीसवही घेऊन मावशी वर्गात आल्या. सर सही करत होते तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बस. सरांना म्हणाल्या, हिला जरा नेते, लॅबमधल्या बरण्या पुसायच्यात. एवढंच. वर्गातल्या एकाही पोराला काही कळलं नाही. लॅबच्या मागच्या खोलीत त्यांच्या पिशवीत धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या होत्या, स्वतःच्या पैशाने, कुणी सांगितलेलं नसताना ठेवलेल्या. मला म्हणाल्या, रडायचं नाही गं बाई, सगळ्यांना होतं. घरी आईने समजावलं ते नंतर, आधी मावशींनी.

आता हे काम कुठल्या जीआरमध्ये लिहिणार तुम्ही?

11 डिसेंबर 2020 ला महाराष्ट्र सरकारचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला, खाजगी अनुदानित शाळांमधली शिपायाची पदं, माणूस रिटायर झाला की पद संपलं. त्याजागी शाळेला शिपाई भत्ता. मुंबई-पुण्यात महिन्याला 10,000, बाकी महापालिकांच्या हद्दीत 7,500 आणि ग्रामीण भागात 5,000 रुपये. पाच हजार! पाच हजारात कोण बाई दिवसभर शाळेत थांबेल, आणि का थांबावं तिने? ती दुसरं काम बघणारच. पोरांची नावं माहीत व्हायच्या आत माणूस बदलतो. मावशींना माझं नाव माहीत होतं, माझा बाप काय करतो ते माहीत होतं, डबा कोण आणत नाही ते पण माहीत होतं.

सरकारकडे पैसा नाही, पगारावरच सगळा खर्च होतो, पट कमी झालाय, ठीक आहे, मान्य. पण मग काटकसर सुरू करायला दरवेळी सगळ्यात खालचाच माणूस का सापडतो?

आणि आपण लोक पण कमी नाही. 2015 ला उत्तर प्रदेशात सचिवालयातल्या शिपायाच्या 368 जागांसाठी 23 लाख अर्ज आले, त्यात 255 पीएचडीवाले होते, ते अजून फॉरवर्ड होतं आणि लोक हसतात. शिकून शिपाई होणार का म्हणून. त्यात हसण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही. पेन्शनची, कायमची नोकरी कुणाला नको? इंग्रजीतला प्यून हा शब्द पोर्तुगीज-फ्रेंचांबरोबर इकडे आला, त्याचा मूळ अर्थ पायदळातला, पायी लढणारा माणूस, बुद्धिबळातल्या प्याद्याला इंग्रजीत जो पॉन शब्द आहे तोही जुन्या फ्रेंचमधून त्याच मुळाचा. कंपनीच्या काळात हत्यार घेऊन साहेबाबरोबर पायी चालणाऱ्यालाही प्यूनच म्हणायचे. आपला शिपाई तर सरळ फारसीतला सिपाही. हे लोक सगळीकडे पायीच पुढे असायचे, आणि पदं कापताना पण तेच पुढे.

शाळेत एक शिपाई नसला की काय होतं ते मास्तर लोकांना विचारा. टपाल घेऊन जिल्हा परिषदेत जायचं तर एक शिक्षक जातो, त्याचा वर्ग रिकामा. दाखला हवा तर जुनं जनरल रजिस्टर कुठल्या कपाटात ते कुणाला माहीत नाही. आमच्या मावशी अंधारात हात घालून काढून द्यायच्या. वाचता फारसं येत नव्हतं त्यांना, बाइंडिंगच्या कापडावरून ओळखायच्या.

माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे, ती म्हणते आता शाळेत पॅड ठेवलेले असतात, एवढं काय. असतात, कपाटात असतात, चावी सरांकडे असते. आठवीतली पोरगी सरांकडे चावी मागेल? मला मावशींकडे मागावं सुद्धा लागलं नाही.

भाचीला गाडीवर बसवलं तेव्हा माझी ओढणी तिच्या कमरेला बांधली. पूर्ण रस्ता एक शब्द बोलली नाही ती. संध्याकाळी हळूच म्हणाली, मावशी, उद्या नाही गेले तर चालेल का. मला खूप वाईट वाटलं त्याचं.

शनिवारी शाळेत पालकसभा आहे, मी जाणार आहे ताईबरोबर. शाळेत पूर्ण वेळ थांबणारी एक बाई हवी हे लेखी मागणार. सरकारच्या भत्त्यात भागत नसेल तर वरचे पैसे आपण माजी विद्यार्थ्यांनी दर महिन्याला काढायचे, आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज चांगलं कमावतात. पण पद परत भरा हे मागणं सोडायचं नाही, ते वेगळं निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचं, त्यावर सह्या हव्यात. आपल्या बॅचमधल्या मुलींनो, शनिवारी 11 वाजता या. मुलांनी पण या, तुमच्या पण मुली शाळेत जातात.