त्या ‘एक हजार शब्द’ पीडीएफवाल्यांना कुणीतरी आवरा

लातूर, नांदेड, परभणी, नाहीतर संभाजीनगरचा औरंगपुरा. कोणत्याही अभ्यासिकेत डोकवा, टेबलावर स्पर्धा परीक्षेसाठीच्या इंग्रजी शब्दांच्या यादीची तीच झेरॉक्स पडलेली असते. डावीकडं इंग्रजी शब्द, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडं मराठीत एकच अर्थ. आणि पोरं सकाळपासून पाठ करायलेत: अबेट म्हणजे कमी होणे, अबेट म्हणजे गुन्ह्याला साथ देणे.

अरे, हे दोन वेगळे शब्द आहेत! एकाचं स्पेलिंग ए-बी-ए-टी-ई, दुसऱ्याचं ए-बी-ई-टी. पहिल्यात ‘ए’ लांबतो, दुसऱ्यात आखूड राहतो. देवनागरीत उतरवले की दोघं जुळे भाऊ. वर त्यांना एकाखाली एक छापलंय, कारण यादी ए टू झेड. सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी शिकले की एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. हे दोन तर आठवड्याच्या अंतरानं शिकवायला पाहिजेत. पण अक्षरक्रमानं यादी लावायला डोकं लागत नाही, म्हणून ती तशीच विकली जाते.

मग तो गणिताचा धंदा. रोज ५० शब्द, २० दिवसांत १०००. वा! हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेल्यातलं बहुतेक पहिल्या दिवसातच गळतं, उरलेलं हळूहळू. त्यानं प्रयोगासाठी मुद्दाम अर्थ नसलेल्या अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या. वाक्याशिवाय दिलेला शब्द पोराच्या डोक्याला तसाच लागतो, म्हणून तो तसाच गळतो. एकविसाव्या दिवशी ‘माझं इंग्लिशच कच्चं’ म्हणून पोरगं स्वतःला दोष देत बसतं. पद्धत कच्ची आहे हे त्याला कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचीच पुढची बॅच त्याच यादीवर चालते.

‘एक शब्द, एक अर्थ’ ही तर शुद्ध फसवणूक. सँक्शन म्हणजे मंजुरी, हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पीककर्ज सँक्शन होतंच की. पण पेपरात इराणवर सँक्शन्स लादल्याची बातमी येते तेव्हा अर्थ निर्बंध, म्हणजे बरोब्बर उलटा. ओव्हरसाइटचंही तेच. देखरेखही तोच शब्द आणि नजरचूकही तोच. यादीत यातला एकच अर्थ असतो आणि उताऱ्यात नेमका दुसरा विचारलेला असतो.

समानार्थी शब्दांच्या माळेचा राग तर वेगळाच आहे. फ्रुगल, थ्रिफ्टी, स्टिंजी, मायझरली, पार्सिमोनिअस: सगळ्यांपुढं ‘काटकसरी’. अहो, फ्रुगल आणि थ्रिफ्टी ही बहुतेक वेळा तारीफ असते, स्टिंजी आणि मायझरली ही शिवी. पार्सिमोनिअसही नाव ठेवणाराच. सून काटकसरी आहे आणि सून चिक्कट आहे, यातला फरक कोणत्याही सासूला कळतो. यादी बनवणाऱ्याला मात्र कळत नाही. रिकामी जागा भरताना चारातले दोन पर्याय याच माळेतले येतात आणि पोरगं नाणं उडवतं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. चुकलं की अर्धा गुण वजा. नाणं उडवणं लई महागात पडतं.

शब्दाच्या मागं-पुढं काय लागतं ते तर यादीत औषधालाही नसतं. कम्प्लायपुढं विथ, अबाइडपुढं बाय, डिव्हॉइडपुढं ऑफ, कल्मिनेटपुढं इन. माणूस एखाद्या गोष्टीला अ‍ॅव्हर्स, म्हणजे नाखूश असतो, तिथं टू लागतं. परिणाम मात्र अ‍ॅडव्हर्स, म्हणजे प्रतिकूल असतो. चूक शोधा म्हणणारे प्रश्न इथंच पकडतात.

त्यात रीलवाल्यांची एक नवी युक्ती: ‘इन आलं की उलटा अर्थ’. इनव्हॅल्युएबल म्हणजे अमूल्य, बिनकिमती नव्हे. इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं; हे उलटं समजून टँकरजवळ विडी ओढली तर काय होईल? इनफेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. मूळ शब्द, उपसर्ग जरूर शिका, बेने म्हणजे चांगलं, मॅल म्हणजे वाईट हे कामाला येतं. पण तो अंदाज आहे. शब्दकोशात बघून पक्का केल्याशिवाय त्यावर गुण लावायचे नसतात.

उच्चारांबद्दल तर बोलायलाच नको. एपिटोम छापतात, आहे एपिटमी. हायपरबोल छापतात, आहे हायपर्बली. डेब्रिसमधला शेवटचा एस मुका, सटलमधला बी मुका, इन्डाइटमधला सी मुका. तोंडपाठ झालेला चुकीचा उच्चार मुलाखतीत बाहेर पडतो, आणि तो सुधारायला नवा शब्द शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

करायचं काय ते काही गुपित नाही. दिवसाला ८ ते १० शब्द, तेही वाचलेल्या मजकुरातून उचललेले. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड घ्या. पुढच्या बाजूला शब्द गाळलेलं अख्खं वाक्य. मागं शब्द, इंग्रजी स्पेलिंग, सोबत लागणारं प्रिपोझिशन, तारीफ की शिवी ते, आणि स्वतः रचलेलं एक वाक्य. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि तिसाव्या दिवशी कार्ड काढायचं, आधी आठवायचं, मगच उलटायचं. नुसतं वाचत बसलं की ओळखीचं वाटतं, आठवत काहीच नाही. चुकलं तर ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी, शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. लाँगमनच्या तशा कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच सांगितलेले असतात, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.

आणि ‘मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शब्द झेपत नाहीत’ हे ज्ञान तर उगं पाजळू नका. आपल्याकडचा कापूसवाला कृषी सेवा केंद्रात उभा राहून इमामेक्टिन बेंझोएट न अडखळता मागतो, कोणत्या अळीला आणि पंपाला किती ग्रॅम तेही सांगतो. त्याला कुणी पीडीएफ दिली होती?