पोराच्या खांद्यावर गाव कसं ठेवावं

पोरगं सतरा वर्षांचं आहे, हाडापेरानं दणकट आहे आणि बिऱ्हाड पश्चिम टेक्सासातल्या ओडेसासारख्या तेलाच्या गावात आहे? मग हयगय नको. तेलाचे भाव पडले की तिथे दोनच गोष्टी उरतात, धूळ आणि शाळेचं फुटबॉल. (आपलं पायानं खेळायचं नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांना आडवं करायचं ते.) गावाची उरलीसुरली इज्जत उचला आणि पोराच्या खांद्यावर ठेवा. पॅड असतातच तिथे.

बारावीच्या वर्षी घरातली केबल काढून ठेवणाऱ्या आपल्या पालकांना हे जड जाऊ नये.

ओडेसातलं रॅटलिफ स्टेडियम 1982 साली बांधलं, शाळकरी मुलांच्या सामन्यांसाठी. तेव्हा बसायला 19 हजारांच्या वर माणसं. वाचनालयाला इतकी गर्दी झाली असती तर तेही बांधलं असतं, उगाच कुणाला नावं ठेवू नका.

पोराला आपण कोण हे विसरू देऊ नका. ओडेसाच्याच पर्मियन हायस्कूलमध्ये एकेका खेळाडूला एकेक मुलगी नेमून दिलेली असे. तिनं त्याच्या अंगणात भलीमोठी पाटी रोवायची, त्याच्यासाठी खाऊ न्यायचा. सकाळी दार उघडलं की पाटी समोर. मुलीचा अभ्यास कधी होई, हा या लेखाचा विषय नाही.

त्याच्या अभ्यासाचंही मनावर घेऊ नका. 1984 साली कायदा आला, एका जरी विषयात 70 च्या खाली गेलात तर तेव्हा सहा आठवडे मैदान बंद. पण 1988 मध्ये डॅलसच्या कार्टर हायस्कूलमधल्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांचा वाद थेट कोर्टात गेला, आणि संघ राज्यात पहिला आला. विजेतेपद काढून घेतलं ते पुढे. जल्लोष कसा काढून घेणार?

गुडघा गेला तर? त्याच वर्षी पर्मियनच्या हुकमी खेळाडूचा हंगामाआधीच गेला. बाकावर दुसरा तयार होता. पाटी रंगवायला कितीसा वेळ लागतो!

हरला तर मात्र गाव गप्प बसत नाही. त्याच हंगामात शेजारच्या मिडलंड गावच्या ली हायस्कूलकडून पर्मियनचा 22-21 असा पराभव झाला, एका गुणानं. प्रशिक्षकाच्या अंगणात 'घर विकणे आहे'च्या पाट्या उभ्या राहिल्या. पाट्यांची हौसच आहे गावाला.

शेवटी तीन संघ बरोबरीत आले. पुढे कोण जाणार हे ठरवायला तीन प्रशिक्षक रात्री महामार्गावरच्या एका ट्रकथांब्यावर जमले आणि त्यांनी नाणी उडवली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण. पर्मियन वाचलं.

वर्षभर तुम्ही पोराच्या कानीकपाळी ओरडत होतात, सगळं मेहनतीवर असतं म्हणून. टीव्हीसमोर बसून त्यानं विचारलंच, मग हे काय होतं, तर सांगा, झोप आता, उद्या सराव आहे.