तार लावली की जीभ वळते?

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘मूल बोबडं बोलतंय, अडखळतंय? दोष जबड्यात आहे. सातव्या वर्षाच्या आत तार लावा, वाणी आपोआप स्वच्छ होईल. स्पीच थेरपीवर पैसे घालवू नका.’ मी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे माझ्याच पोटावर पाय! तरी सांगते, यातलं थोडं खरं आहे, आणि त्या थोड्यामुळेच बाकीचं खपतंय.

पहिला दावा, बोबडेपणाचं मूळ जबड्यात. परवा अशोक चौकातून एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. पोरगं ‘काका’ला ‘ताता’ म्हणायचं, ‘गाडी’ला ‘दाडी’. ‘‘अहो बाई, दात पुढं आलेत की त्याचे!’’ आले होते खरे. पण क आणि ग म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकतो. पुढचे दात त्या वाटेत येतच नाहीत. म्हणून आधी पाहायचं ते कोणतं अक्षर बिघडलंय. दात नंतर.

आता खरं काय ते. काही मुलांच्या दाढा मिटल्या तरी पुढे वरच्या-खालच्या दातांत फट राहते. अंगठा चोखायची सवय लांबली की हे बरेचदा दिसतं. ‘स’ला जिभेवरून हवेची बारीक धार पुढच्या दातांकडे जावी लागते. इथे जीभ फटीत घुसते आणि ‘साखर’ची ‘थाखर’ होते. मराठीत आणखी एक गोम आहे. ‘चमचा’तला च, ‘जखम’मधला ज, ‘झाड’मधला झ हेही दातांजवळचेच, त्यामुळे तेही त्याच फटीत सापडतात. ‘चिमणी’तला च त्यामानाने सुटतो. मुलाला आरशापुढे ‘सात ससे’ म्हणायला लावा. जिभेचं टोक दातांबाहेर डोकावलं तर दातांच्या डॉक्टरांकडे जायला कारण आहे.

वरचे दात फार पुढे असले की ओठ मिटत नाहीत. मग ‘पप्पा’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. खालचा जबडा पुढे असेल तर ‘फ’, ‘व’ उलटे होतात, म्हणजे खालचे दात वरच्या ओठाला लागतात. पण कित्येकांची जीभ आणि ओठ अशी काही वाट काढतात की ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वाकडे दात आणि खणखणीत वाणी एकाच तोंडात सुखाने नांदतात.

अडखळण्याचा, म्हणजे तोतरेपणाचा दोष जबड्यावर टाकणं तर साफ चूक. बोलताना अडखळणारं मूल तेच शब्द गाण्यात बहुधा सरळ म्हणतं. गाताना जबडा काय सरळ होतो?

‘आपोआप’ हा शब्द मात्र सगळ्यात महाग पडतो. तार दात हलवते, जिभेची सवय नाही. दात जागेवर आले तरी जीभ जुन्याच वाटेने जात राहू शकते, आणि सतत पुढे ढकलत राहिली तर मिटलेली फट पुन्हा उघडूही शकते. टाळूला बसणारी प्लेट घातली की सुरुवातीला ‘स’ उलट बिघडतो, मग तोंड सरावतं. जबड्यांतच मोठा फरक असेल तर शस्त्रक्रिया बहुधा वाढ थांबल्यावर करतात, आणि तिनंही उच्चार सुधारतीलच अशी हमी नसते.

सातव्या वर्षापर्यंत दात एकदा दाखवून घ्यावेत, हे ठीक. दाखवणं म्हणजे तार लावणं नव्हे. याच वयात पुढचे दुधाचे दात पडतात, तेव्हा निम्मा वर्ग काही दिवस ‘थाखर’च खातो.

आपल्या गावापुरतं एक. घरात कन्नड बोलणारं एखादं मूल ‘चाक’ म्हणताना ‘चहा’तला च वापरतं, आणि शाळेतून ‘उच्चारदोष’ म्हणून चिठ्ठी येते. तो दोष नाही, ती त्याची घरची भाषा आहे.

आजींच्या नातवाची आधी श्रवण चाचणी करून घेतली. ऐकणं ठीक निघालं. मग मान वर करून गुळण्या करायला लावल्या, म्हणजे जिभेची मागची बाजू उचलली जाते हे त्याला कळावं. आता ‘काका’ येतो. ‘किल्ला’ अजून ‘तिल्ला’च आहे. दात तसेच पुढे आहेत, त्यांचं काय ते दातांचे डॉक्टर बघतील.