दोरी ट्रॅम्पोलिनखालीच का: 'दर्यावर्दी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

उलटलेली कॅटामरान (दोन समांतर हलांची, म्हणजे तरंगत्या सांगाड्यांची, शिडाची बोट) सरळ करण्याची दोरी ट्रॅम्पोलिनखाली, म्हणजे दोन हलांमध्ये ताणलेल्या कापडाखाली, बांधावी असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण 'दर्यावर्दी' या टोपणनावाने दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपल्या म्हणण्याप्रमाणे तीत चार मुद्दे आहेत; मला एक मुद्दा आणि बाकी टोमणे आढळले. आधी जे मान्य आहे ते सांगून टाकतो. लेखात मी 8 मिलिमीटरची दोरी चालेल असे लिहिले होते. ती ओल्या हातांना कापते, आणि 12 मिलिमीटरची, दर हातभर अंतरावर गाठ मारलेली दोरी केव्हाही बरी. ही दुरुस्ती मी लेखात केली आहे. त्यासाठी आपले आभार.

आता आपले ते वाक्य. 'नाशिकच्या धरणात बोटी उलटवणाऱ्यांनी दोरी ट्रॅम्पोलिनखाली खुशाल बांधावी. ज्यांना समुद्रात जायचे आहे ते ती डोलकाठीच्या पायथ्याशी बांधतात आणि वरच्या हलवरून टाकतात.' यातील 'खुशाल' या शब्दाचे प्रयोजन मला कळले नाही. दोरी कोठे बांधावी हा प्रश्न बोटीच्या रचनेचा आहे. तो बांधणाऱ्याच्या गावावर ठरत नाही. माझा पत्ता नाशिकचा नसता तर आपण हेच वाक्य अधिक सभ्यपणे लिहिले असते, असे मला राहून राहून वाटते.

तरीही मुद्दा घेतो. हॉबी 16 ही सुमारे 145 किलो वजनाची कॅटामरान आडवी पडली की हे सगळे वजन आपल्यालाच उचलायचे आहे, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात दोन्ही हल आणि क्रॉसबार (हल जोडणारे आडवे दांडे) यांचा भार त्या स्थितीत जवळजवळ सरळ खालच्या हलवर येतो. आपल्याविरुद्ध जे ओढत असते ते पाण्यावर आडवी झालेली सुमारे 8 मीटरची डोलकाठी आणि तिला लटकलेले भिजलेले शीड. त्याला तोलण्यासाठी खालच्या हलवर उभे राहून आपले शरीर मागे झुकवावे लागते, आणि तोल किती मिळेल हे आपले वजन हलपासून किती बाहेर गेले यावर ठरते. दोरी कोणत्या उंचीवरून आली याने तो तोल तसूभरही बदलत नाही. बदलतो तो हातांवरचा ताण. वरच्या हलवरून येणारी दोरी सुमारे 2.4 मीटर उंचीवरून येते, माझी साधारण निम्म्या उंचीवरून. त्यामुळे तेवढेच झुकण्यासाठी मला अधिक जोराने धरून राहावे लागते. हे मी लेखातही नाकारले नव्हते. गाठी त्यासाठीच असतात.

परंतु ती आपली उंच दोरी हातात येणार कशी? डोलकाठीच्या पायथ्याशी ठेवलेली दोरी घ्यायची तर शिडाच्या बाजूने पोहत जावे लागते, सुटलेल्या शीटांच्या (शीड ओढून धरण्याच्या दोऱ्यांच्या) गुंत्यातून ती शोधावी लागते, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असलेल्या हलवरून पलीकडे फेकावी लागते आणि मग पुन्हा वळसा घालून ट्रॅम्पोलिनच्या तळाच्या बाजूला यावे लागते. तोवर उभे झालेले ट्रॅम्पोलिन स्वतःच शिडासारखे वारा धरते, आणि बोट पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगाने वाहू लागते. माझी दोरी डॉल्फिन स्ट्रायकरच्या (पुढच्या क्रॉसबारला खालून आधार देणाऱ्या जोडणीच्या) मधल्या खांबाला बोलाइनने, म्हणजे न सरकणाऱ्या फासाच्या गाठीने, बांधलेली आहे, तेथून ती ट्रॅम्पोलिनखालून मागच्या क्रॉसबारच्या कोपऱ्याकडे जाते आणि शेवटी इलॅस्टिकने ताणलेली राहते. दोन्ही बाजूंना एकेक. बोट ज्या कुशीवर पडेल त्या बाजूची दोरी हलवर चढताच हाताशी असते. शीटा सोडल्या, नाळ (बोटीचे पुढचे टोक) वाऱ्याकडे वळवली आणि झुकलो, एवढेच काम उरते. बोट सरळ होताना डॉल्फिन स्ट्रायकर पकडून ठेवला की ती दुसऱ्या कुशीवरही जात नाही आणि आपल्याला सोडून पुढेही जात नाही.

आता 'धरणाचे पाणी'. गेली 19 वर्षे मी गंगापूर धरणाच्या जलाशयावर बोट चालवतो आहे आणि माझी बोट किती वेळा उलटली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. डोंगरांवरून उतरणारा वारा तेथे क्षणात दिशा बदलतो. समुद्रावरच्या एकसारख्या वाऱ्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी तो एकदा अनुभवावा. एका मे महिन्यात पाणी खूप उतरलेले असताना बोट पूर्ण पालथी झाली आणि डोलकाठीचे टोक तळाच्या गाळात रुतले. ती सोडवायला मला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात बोटीच्या तळाशी हाताला सापडणारी एकच दोरी होती, तीच जिला आपण हसता. राहता राहिला समुद्र, तर मांडव्याजवळ मी दोनदा उलटलो आहे आणि दोन्ही वेळा याच दोरीने बोट उभी केली आहे. तेथील लाटांनी माझा पत्ता विचारला नव्हता.

आपले उरलेले दोन मुद्दे थोडक्यात. उन्हाने इलॅस्टिक सैल पडते आणि दोरी पाण्यात लोंबू लागते, ही तक्रार देखभालीची आहे, मांडणीची नव्हे. माझे वजन 84 किलो असल्याने मला जमते, पण 55 किलोच्या माणसाला एकट्याने जमणार नाही, त्याला जादा वजनासाठी पाण्याची पिशवी किंवा पुल्यांची जोडणी सुचवायला हवी होती, असेही आपण म्हटले आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्याच्या आड लपून मूळ मांडणी चूक ठरवणे मला योग्य वाटत नाही. सोबत दुसरा माणूस असला की दोघांनी एकाच दोरीवर झुकावे, हे लेखात लिहिलेले आहेच. आपण तेथपर्यंत वाचले नसावे.

पावसाळा सरला की जलाशय भरलेला असेल. तेव्हा आपण अवश्य यावे. मी बोट उलटवून देईन. एका कुशीवर माझी दोरी असेल, दुसऱ्या कुशीवर आपण आपली बांधावी. लाइफ जॅकेट मात्र स्वतःचे आणावे, कारण माझ्याकडचे दुसरे जॅकेट लहान मापाचे आहे.