रीइश्यू स्ट्रॅट उघडण्याबद्दलच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या साठच्या दशकाच्या धाटणीच्या रीइश्यू स्ट्रॅटमध्ये (म्हणजे फेंडरच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारच्या नव्याने काढलेल्या आवृत्तीत) मी काय काय बदललं ते लिहिलं होतं, त्यावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की आवाज बोटांत असतो, पार्टमध्ये नाही. ‘अस्सल’च्या नादात मी चांगल्या गिटारची रीसेल किंमत घालवली आणि त्या पैशांत बरा अँप आला असता. शिवाय आपण नाशिकमध्ये गणपतीत, लग्नात, फार तर कालिदास कलामंदिरात ऑर्केस्ट्रात वाजवतो. तिथे १९६२चा आवाज कोणाला कळणार?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता. समोरच्या श्रोत्याला कदाचित नाही कळणार. पण ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याला नेमकं काय करावं लागतं ते तुम्हाला माहीत आहेच. गायक अंतऱ्यात असताना मागे राहायचं, आणि म्युझिक पीस आला की पुढे यायचं. दर वेळी पेडलवर पाय न ठेवता हे करायचं तर करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर हवी. माझ्या गिटारमध्ये आधी छोटे पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग) होते. नॉब १० वरून ७ वर आणला तरी आवाजात काही हलायचं नाही, आणि ४ च्या खाली एकदम सगळं गायब. म्हणजे करंगळीच्या हाती काहीच नव्हतं.

जुन्या स्ट्रॅटमध्ये अडीचशे किलोओहमचे ऑडिओ टेपरचे (कानाला आवाज सारखा बदलत जातो असे) पॉट असत आणि व्हॉल्यूमवर ट्रेबल, म्हणजे आवाजातली वरची धार, वाचवणारा जादा कपॅसिटर नसे. आवाज कमी केला की केबलच्या कपॅसिटन्समुळे वरचा ट्रेबलही थोडा उतरतो. बरेच जण याला दोष समजतात. मला मात्र हाच त्या गिटारचा जीव वाटतो. ६ वर ठेवलं की आवाज गायकाच्या मागे आपोआप मऊ होऊन बसतो, आणि १० केलं की धार परत येते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) चालू ठेवून नुसत्या व्हॉल्यूमच्या नॉबने आवाज साफ करायचा. आवाज बोटांत असतो हे तुमचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. पण बोटांनी केलेलं पुढे पोचवायला वायरिंग नीट लागतं.

आता पैशांबद्दल. यात तुमचं माझं बरंचसं एकमत आहे, आणि ते मूळ लेखात ठळकपणे यायला हवं होतं. ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या भावात विकले जाणारे कागद-तेलाचे कपॅसिटर मी घेतलेले नाहीत आणि कोणाला घ्यायला सांगणारही नाही. टोनचा नॉब पूर्ण उघडा असताना कपॅसिटरचा प्रभाव अगदी थोडा असतो. टोन बंद करत नेला की त्याची व्हॅल्यू ऐकू येते, आतलं मटेरियल नाही. पन्नासच्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असे, पुढे त्याची व्हॅल्यू निम्मी झाली. मी निम्मीवाला घेतला, अगदी साधा. रंगालाही हात लावलेला नाही. नायट्रोसेल्युलोजच्या रंगाने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खुलतो हे माझ्या कानाला कधी पटलेलं नाही.

पिकअपवर (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी भागावर) मात्र मी खर्च केला आणि त्याचं समर्थन करतो. माझ्या मूळ पिकअपमध्ये लोखंडी खांब आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी होती. जुन्या स्ट्रॅटमध्ये खांब स्वतःच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात आणि ४२ गेजची बारीक तांब्याची तार त्यांच्याभोवतीच गुंडाळलेली असते. गिटारच्या तारेवर हलक्या आणि जोरकस आघातात जो फरक ऐकू येतो तो मला या पिकअपमध्ये जास्त मिळाला. इथेही मी डोळे झाकून नक्कल केली नाही. जुन्या पिकअपचे खांब एका उंचीचे नसत आणि जी तारेखालचा खांब बराच वर असे, कारण त्या काळी जी तार गुंडाळलेली यायची आणि तिचा आवाज दबका असायचा. आज आपण साधी जी तार लावतो, तर त्या उंच खांबावर ती बाकीच्या तारांच्या वर ओरडते. कॉर्ड धरला की तीच एक कानात घुसते. म्हणून मी जीचा खांब खाली असलेला सेट घेतला. काही जण घरी तो खांब अंगठ्याने आत दाबतात. कृपा करून कोणी तसं करू नका. कॉइल थेट चुंबकाला लागून असते, केसाहून बारीक तार आतल्या आत तुटते आणि पिकअप मुका होतो.

ब्रिजचा ब्लॉक (तारा ज्यात अडकतात तो ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मी बाहेरून मागवलाच नाही. मूळ ब्लॉक झिंकचा होता, जुन्या स्ट्रॅटमध्ये स्टीलचा असे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ब्राइट बारमधून (गुळगुळीत स्टीलच्या सळईतून) असा तुकडा मिलिंग करून देणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. त्यांना मूळ ब्लॉक नमुना म्हणून द्यायचा. एकच गोष्ट बजावून सांगायची, आर्मच्या (सूर हलवायच्या दांडीच्या) भोकातल्या आट्यांचं माप. अमेरिकन गिटारमध्ये ते इंची असतं, आशियाई गिटारमध्ये बहुधा मेट्रिक. इथे चूक झाली तर आर्म बसत नाही. फरक म्हणाल तर माझ्या गिटारवर सुट्या तारांची गूंज थोडी लांबली. पिकअपएवढा हा बदल मोठा नाही. बजेट तंग असेल तर हा सोडून द्या.

अँप घ्यावा हा सल्ला ज्याच्याकडे घरी बरा अँप नाही त्याच्यासाठी योग्यच आहे, आणि त्याने आधी तोच घ्यावा. पण मंडपात आपण आपला अँप नेत नाही. तिथे जे असेल त्यात किंवा प्रोसेसरमधून थेट मिक्सरमध्ये वाजवावं लागतं. सोबत जाते ती फक्त गिटार.

रीसेलचं म्हणाल तर मूळ पिकगार्ड (पुढची प्लॅस्टिकची पट्टी) त्याच्या पिकअप-पॉटसकट जसंच्या तसं ठेवलेलं आहे. नवं सगळं दुसऱ्या पिकगार्डवर जोडलं. ११ स्क्रू काढायचे, जॅक आणि ग्राउंडच्या वायरी बदलायच्या की गिटार दुकानातून आणली तशी. लाकडात एकही नवं भोक नाही.

तुमचीही रीइश्यू आहे आणि ‘पातळ’ वाजते असं तुम्ही लिहिलंत. काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी करून बघा. पॉटची एक वायर सोडवून दोन बाहेरच्या टोकांना मल्टीमीटर लावा. २५० छापलेला पॉट २०० ते ३०० पर्यंत कुठेही भरू शकतो, आणि चुकून ५०० चा बसवलेला असेल तर कर्कश वाजणारच. दुसरं, पिकअपची उंची तपासा. ते तारांपासून फार लांब असतील तर आवाज दुबळा येतो. फार जवळ असतील आणि चुंबक अल्निकोचे असतील तर ते जाड तारांना ओढतात, आणि वरच्या फ्रेटवर सूर हेलकावे खातो. स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत ऐकत जा. मीटरवर काय आकडे आले ते इथेच लिहा, मग पिकअपला हात लावायचा की नाही ते बोलू.