आयपीकॉन्फिगमधला नंबर आणि मामांची झोप

"काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करा. १९२.१६८ वाला नंबर दिसेल, तो तुमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता. तो कुणाला कळला की हॅकर थेट लॅपटॉपमध्ये! नंबर १६९ ने सुरू झाला तर व्हायरस शिरलाय. जास्तीची कनेक्शनं दिसली तर तुमच्यावर पाळत आहे." हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर चौथ्यांदा फिरतोय. (काळी खिडकी म्हणजे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट, आणि आयपीकॉन्फिग ही लॅपटॉपचे नेटवर्कवरचे पत्ते दाखवणारी कमांड.) परवा रात्री साडेदहाला मामांचा घाबराघुबरा फोन आला, तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

१९२.१६८ पासून सुरू करतो. हे पत्ते, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हे सगळे खासगी नेटवर्कसाठी राखीव आहेत; १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात तसं लिहिलंय. बाहेर इंटरनेटवर ते चालतच नाहीत. खोली नंबर ५ प्रत्येक चाळीत असते, नुसत्या तेवढ्यावर पोस्टमन जाणार कुठं? माझ्या लॅपटॉपला आत्ता १९२.१६८.१.५ आहे, कदाचित तुमच्याही असेल. जगाला दिसतो तो राउटरचा बाहेरचा पत्ता, आणि तो या कमांडमध्ये येत नाही. मोबाइल इंटरनेटवर तर असा एकच पत्ता बऱ्याचदा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यावरून नकाशात घर शोधायला गेलात तर साताऱ्याचा माणूस मुंबईत सापडतो.

गंमत म्हणजे जपायची ओळ मेसेजवाल्याला दिसलीच नाही. त्याच यादीत आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा लांबलचक पत्ता असतो. तो २ ने सुरू होत असेल (जिओवर बहुधा २४०९), तर तो खरोखर जगभर चालणारा असतो. स्क्रीनशॉट टाकताना झाकायचा तर तो. एफई८० ने सुरू होणारा घरातल्या घरातच चालतो.

जास्तीची कनेक्शनं? 'लोकल एरिया कनेक्शन', पुढे चांदणी, खाली 'मीडिया डिस्कनेक्टेड'. वाय-फाय डायरेक्टसाठी (राउटरशिवाय दोन उपकरणं थेट जोडायची सोय) विंडोजनेच बनवून ठेवलेली असतात ती. व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंत की आणखी एक वाढतं. आयपीकॉन्फिग, स्पेस, /ऑल असं द्या, 'डिस्क्रिप्शन'समोर कुठलं कोण ते लिहिलेलं असतं.

लिनक्सवाल्या चुलतभावाला इफकॉन्फिगवर (तिकडची अशीच जुनी कमांड) 'कमांड नॉट फाउंड' आलं. तोही हॅक झालेला नाही. नव्या उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) ती कमांड आधीपासून नसते, 'आयपी ए' टाइप करायचं.

आता मामा ज्याला घाबरले ते १६९.२५४. लॅपटॉपने पत्ता मागितला आणि राउटरने उत्तरच दिलं नाही, की विंडोज आपणहून हा तात्पुरता पत्ता लावून घेतं. व्हायरसचा काही संबंध नाही. मामांना म्हटलं, राउटर बंद करा, मिनिटभराने चालू करा.

"अरे, पण आधी अँटिव्हायरस टाकू का?"

"आधी राउटर, मामा."

थोड्या वेळात १९२.१६८.१.७ आला. मामांनी लगेच स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली मावशीचं उत्तर: "दादा, घरचा पत्ता असा उघड टाकतात का?"